हळदी मांजरीच्या परदेशगमनाची मसलत

श्री कुलस्वामिनी समर्थ. जव्हार मुक्कामी हळदी नामे मांजरीस समुद्रापार न्यावे की न न्यावे, याविषयी जो थोर पेच पडला, मसलती जाहल्या, मोखाड्यावर मोहीम गेली आणि अखेर तह ठरला, तो वृत्तांत जाणत्यांनी पुसल्यावरून लिहिला असे. पदरचे घातले नाही, घडले ते गाळले नाही.

संस्थान विलीन जाहले, दरबारचे निशाण उतरले, त्याच साली पावसाळ्याअखेर एक पिवळी मांजरी मधु मास्तरांच्या स्वयंपाकघरात कौलांतून उतरली आणि चुलीशेजारची जागा काबीज करून बसली. मास्तर शाळेत शिक्षक. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती हिराबाई. संसारास बारा वर्षे होत आली, परंतु घरात पाळणा हलला नाही. मास्तर शाळेस गेले म्हणजे घर सुनसान होई, आणि त्या सुन्या मुलुखावर हळदीचा अंमल बसला. हिराबाई तिजशी बोलत, तिला रागे भरत, आणि मास्तरांच्या दुधावरची साय परस्पर तिजकडे वळती करीत. येणेप्रमाणे पाच-सहा वर्षे अमन होता.

तो शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सरी, माघ मासी झांजिबारेहून खलिता आला की, येथील हिंदी लोकांच्या शाळेत गणिताचा मास्तर पाहिजे, तीन वर्षांचा करार, कुटुंबासह यावे. मास्तरांस बहुत हर्ष जाहला. हिराबाईंनी खलिता दोनदा वाचला आणि फर्मान काढिले की, हळदी बरोबर येईल. ती न येईल तर आम्हीही जागचे हलणार नाही.

मग मास्तरांनी कावा केला. आगबोट कंपनीस अर्ज लिहिला आणि त्यात मांजरीचे समस्त दुर्गुण, रात्रीचे ओरडणे, गाद्या फाडणे, परक्यावर धावून जाणे, कलमवार मांडिले. हेतू हा की साफ नकार यावा. तो पंधरा दिवसांत जबाब आला की, ढोरांच्या डॉक्टराचा दाखला आणि मजबूत पिंजरा असल्यास हरकत नाही. मास्तरांची तोफ मास्तरांवरच फुटली.

तेव्हा त्यांनी साखरशेत या आपल्या गावी निरोप धाडून मातोश्री गंगाभागीरथी गोजाबाई यांस कुमकेस बोलाविले. गोजाबाईंस मांजर या जातीचा तिटकारा, हे जगजाहीर. बाई पायी आल्या, पाणी प्याल्या, दोन्ही पक्षांच्या कैफियती ऐकिल्या, मांजरीकडे पाहिले, आणि एवढेच बोलल्या, "दाखला आणायला मी पण येते." मास्तर चकित जाहले. सासूबाईंचा डाव हिराबाईंस कळेना.

ढोरांचे डॉक्टर त्या समयी मोखाड्यास मुक्कामी होते. फाल्गुन मासी सुमुहूर्त पाहून तिघांनी एसटीतून कूच केले. हळदीस झाकणाच्या बांबूच्या करंडीत बंद करून करंडी हिराबाईंनी मांडीवर घेतली. पहिल्या वळणास मांजरीने आकांत मांडिला तो शेवटच्या वळणापर्यंत. उतारू कानांत बोटे घालून बसले आणि कंडक्टरांनी हळदीस तिकीट लावावे की काय, याचा विचार बोलून दाखविला. हिराबाईंनी मान वर केली नाही. मोखाड्यास डॉक्टरांनी मांजरीचे दात पाहिले, पोट दाबले, छापील दाखल्यावरील 'बैल' हा शब्द खोडून वर 'मांजर' ऐसे लिहिले आणि शिक्का उठविला. हिराबाईंनी दाखला घडी करून कनवटीस लाविला. गड हाती आला ऐसे त्यांस वाटले.

परतीस घाटाखाली गाडी तापली आणि पाण्यासाठी उभी राहिली. तितक्यात हळदीने करंडीची कड फोडिली, खिडकीतून उडी टाकिली आणि रान गाठले. हिराबाई फुटकी करंडी घेऊनच धावत उतरल्या. मागून मास्तर, मागून गोजाबाई. गाडीस थांबणे नव्हते, ती गेली.

घटका दोन घटका शोध चालला. अखेर मोहाच्या एका जुन्या झाडाच्या मुळांतल्या बिळात पिवळे शेपूट दिसले. हिराबाईंनी लाडाने हाक मारिली, हात आत घातला, तो हळदीने फिसकारून मनगटापासून कोपरापर्यंत नखे ओढिली. डोळे विस्फारलेले, अंग थरथरत, तोंडाशी फेस. जिला पाच-सहा वर्षे साय घातली तिने आपणांस ओळखिले नाही, हे पाहून हिराबाई तेथेच पाचोळ्यात बसल्या. रक्ताकडे त्यांचे ध्यान नव्हते.

मास्तर काठी शोधू लागले. गोजाबाईंनी त्यांस नजरेनेच मागे हटविले. मग बाई बिळापासून हातभर अंतरावर पाठ करून बसल्या, फडक्यातली नाचणीची भाकरी आणि सुकट काढिली, आणि कोणास हाक न मारिता सावकाश जेवू लागल्या. एक तुकडा आपण खावा, एक मागे टाकावा, ऐसे चालले. ऊन कलले तेव्हा मांजरी बाहेर आली आणि खाऊन त्यांच्या लुगड्याच्या सावलीत पडली.

हिराबाई म्हणाल्या, "एवढ्याशा वाटेत ही गत. तिकडे पंधरा दिवस नुसतं पाणी. मी नेली तर माझ्यासाठी नेईन, आई. तिच्यासाठी नाही."

"मग माझ्याकडं ठेव."

"तुम्हाला मांजर आवडत नाही."

"नाही आवडत."

"मग?"

गोजाबाईंनी फडके झटकिले. "मधु मला कागद लिहायचा नाही. ठाण्याला शिकायला होता, दोन वर्षांत दोन लिहिले. तू मांजरासाठी लिहशील. गावातल्या गुरुजींकडून वाचून घेईन मी."

मास्तर त्या समयी मोहाच्या फांद्यांची पाहणी करीत होते; ती त्यांनी पुढे बराच वेळ चालू ठेविली.

मग त्याच जागी तह ठरला. कलम पहिले, हळदीने तीन वर्षे साखरशेतास ओलीस राहावे. कलम दुसरे, झांजिबारेहून दरमहा पत्र यावे. कलम तिसरे, मांजरीस लाथ मारू नये. गोजाबाईंनी यावर हुज्जत घातली, परंतु मान्य केले. हिराबाईंनी कनवटीचा दाखला काढिला, पाहिला, आणि फाडून पाचोळ्यात टाकिला. नंतर पदराने डोळे पुसून हळदीस करंडीत घातली, फुटक्या कडेस फडके बांधिले, करंडी उचलिली आणि तिघे जव्हारची वाट चालू लागली.

चैत्र मासी उभयतांची रवानगी जाहली. हिराबाईंनी पहिले पत्र आगबोटीवरच लिहिले, पाने चार, सर्व मजकूर मांजरीचा: काय खाते, कोठे निजते, आम्हांस शोधते की काय.

आषाढ सरता झांजिबारेस उलट टपाली जबाब पोहोचला. अक्षर साखरशेतच्या गुरुजींचे, बोल गोजाबाईंचे. हिराबाईंनी तो खिडकीशी उभे राहून वाचिला.

"चार पानं मांजराची आली. मांजर बरं आहे. उंदीर मारतं, माझ्या गोधडीवर निजतं, मी काही बोलत नाही. आता तुझं लिही. तिथं बोलायला कोण आहे तुला?"

हिराबाईंनी ते तीन वेळा वाचिले. मग कागद पुढे ओढून दुपारपासून दिवेलागणीपर्यंत लिहीत बसल्या, आणि त्या सहा पानांत मांजरीचे नाव एकदाही आले नाही.

येणेप्रमाणे शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सरी, श्रावण मासी मोहीम फत्ते जाहली. फत्तेचा मान मातोश्री गोजाबाई यांचा, ऐसे नोंदिले असे. येथे दौत झाकिली.