केबिनकडे बघणारा रोबो

नवा रोबो आला त्याच आठवड्यात कामगारांनी केबिनसमोरून जाणं सोडलं. रोबो म्हणजे तरी काय, तर खांबावर बसवलेला एक लोखंडी हात. ट्रेमधला जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, उचलायचा, लेथ यंत्रात द्यायचा, तयार झाला की काढून ठेवायचा. बिनबोभाट काम. पण जॉब उचलला की हा हात सावकाश मागे वळायचा, केबिनच्या काचेकडे तोंड करून किंचित वाकायचा आणि कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा थांबायचा. मग मुकाट कामाला लागायचा.

केबिनमध्ये तेव्हा कोणी नसायचं; धाकटे मालक बहुतेक वेळ बाहेर लेथपाशीच असायचे. नुसती थोरल्या मालकांची उंच पाठीची खुर्ची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"ते बसलेत अजून," वेल्डर म्हणाला. "जित्या माणसाला दिसत नाहीत, लोखंडाला दिसतात."

धाकट्या मालकांनी त्याला वेड्यात काढलं, पण भर दुपारी त्यांच्याही अंगावर काटा आलाच. त्यांनी काचेला पडदा लावला. हात पडद्याकडे वळून थांबू लागला. ते तर जास्तच वाईट दिसत होतं, म्हणून पडदा काढून टाकला.

त्यात आजच तपासणी होती. मोठ्या गिऱ्हाईकाच्या तपासनीस बाई काम मंजूर करणार, लेथ आपोआप चालणार आणि मालक मोकळे होणार. बायकोला समुद्र दाखवायचं लग्नापासून कबूल केलं होतं. या खेपेला बॅगा भरून दारात होत्या.

शेवटी मालकांनी मेव्हण्याला कोपऱ्यात घेतलं. रोबोला त्यानंच शिकवलं होतं. हाताचं मनगट धरून एकदा सगळं काम करवून घ्यायचं, की तो पुढे तस्संच करत राहतो.

"खरं सांग, काय करून ठेवलंयस?"

"दाजी, रागावू नका. शिकवताना मी जरा मागे वळून बघितलं. तुम्ही केबिनमधून बघताय का ते. त्याचं मनगट माझ्या हातात होतं, तोही वळला."

"आणि ते वाकणं?"

"खुर्चीची पाठ उंच आहे ना. वाकल्याशिवाय तुम्ही आहात का नाही कळत नाही."

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा शिकवायला वेळ कुठला? बाई दारात उभ्या होत्या.

हात वळला, वाकला, थांबला. बाई एक पाऊल मागे सरकल्या.

"हा काय बघतोय?"

मेव्हणा पुढे झाला. "परवानगी घेतोय, मॅडम. मालकांची नजर असल्याशिवाय आमच्याकडे जॉब पुढे जात नाही."

बाईंनी बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं. "अशी शिस्त मी कुठेच बघितली नाही," त्या म्हणाल्या. "काम मंजूर. अट एकच. रोबो चालू असेल तोवर मालकांनी त्या खुर्चीत हजर राहायचं."

तिकिटं वाया कशाला घालवायची? बायको गेली, सोबतीला तिचा भाऊ गेला.

केबिनच्या आसपास कोणी फिरकत नव्हतंच. मालक खुर्चीत बसून होते. फोन वाजला.

"पोचलो आम्ही," बायको म्हणाली. "तुम्ही हवे होतात हो. फार कंटाळलात का?"

"कंटाळा कसला, पाय आखडलेत नुसते," म्हणत मालक उठले आणि दारापर्यंत गेले.

मागे हात वळला. वाकला. आजवर तो रिकाम्या खुर्चीसमोरही जरा थांबून कामाला लागायचा. आज लागला नाही. मालकांनी वाट बघितली, घाम पुसला, आणि निमूट परत जाऊन खुर्चीत बसले.

लेथ सुरू झाला.