मायरसाहेबांचं धाबं

मायरसाहेब कुणाच्याही घरी गेले की माणसाला नमस्कार करण्याआधी भिंतीवर टकटक करून तिला कान लावीत. भिंतीची प्रकृती कळली की मग घरवाल्याची विचारपूस. आमच्या अनसिंग गावच्या बायका त्यांना 'भिंतींचा वैद्य' म्हणत.

साहेब जर्मन, धंद्याने घरं-इमारती बांधणारे. जिनिंगचा कारखाना बांधायला आले, कारखाना झाला, आणि परत जायचं राहून गेलं. घर ज्या मातीत उभं राहतं त्याच मातीचं असावं, हा त्यांचा एकमेव धर्म. या हट्टापायी त्यांनी आपल्या मुलखातली सगळी गिऱ्हाइकं घालवली होती. आमच्याकडे गिऱ्हाइकंच नव्हती, त्यामुळे हट्टाला मोकळं रान मिळालं. गवंड्यांकडून उचललेली त्यांची वऱ्हाडी मात्र माझ्या शाळेतल्या पोरांहून चोख होती.

आमच्या देशमुखांनी बंगला बांधला. पुढे विलायती खांब, आणि दोन चुन्याचे सिंह. गवंड्याने सिंह कधी पाहिला नसल्याने ते बोक्याकडे झुकलेले. वास्तुशांतीला एका वकिलांनी खांबांची तुलना देशमुखांच्या पूर्वजांशी केली. ती बरीच जमली, कारण दोघांनीही कसलाच भार उचललेला नव्हता.

साहेबांनी खांबावर टकटक केली. "देशमुख, हे घर इथचं नाही. पाहुनं हाये."

देशमुख पानाला चुना लावत म्हणाले, "अन् तुमी कुठचे हो, साहेब?"

मांडव हसला. साहेबही हसले, पण त्यांच्या पत्रावळीवरची पोळी तशीच राहिली.

त्याच हिवाळ्यात त्यांनी गावात धाब्याचं घर बांधलं. मातीच्या भिंती, सागाची लाकडं, वर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं. नाव ठेवायला जागा नव्हती. जर्मन अक्कल एवढीच, की मातीखाली डांबराचा थर दिला.

धाब्यावर दर उन्हाळ्यात नवी पांढरी माती घालावी लागते, नाहीतर पावसात ते गळतं. हे काम मजुरीने होत नाही. तुम्ही ज्याच्या धाब्यावर चढता तो तुमच्या धाब्यावर चढतो, आणि ज्याचं घर तो सगळ्यांना जेवू घालतो. पहिला पावसाळा गेला, उन्हाळा आला, आणि साहेब गल्लीतल्या प्रत्येक धाब्यावर चढले. मग आपल्या घरी वरण-बट्टी रांधून, पत्रावळी मांडून बसले. कुणीच आलं नाही.

त्यांनी शेजारच्या गोदाजीला विचारलं. गोदाजीला प्रश्नच कळेना.

"तुमचं धाबं गळतेच कुठी, साहेब? मंग आमी याचं कायले?"

पुढच्या मृगात साहेब भर पावसात माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. "मास्तर, गळून राह्यलं," ते म्हणाले. मुलगा मॅट्रिक पास झाल्याचं बाप सांगतो, तसं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्यासकट सगळी गल्ली त्यांच्या धाब्यावर चढली. जुनी माती खरवडताना गोदाजीचं फावडं थांबलं. खालच्या डांबरातून एक चौकोन कापून काढलेला होता, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. खाली अंगणात साहेब पत्रावळी मांडत, जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही म्हणून प्रत्येकाला बजावत होते.

गोदाजीने माझ्याकडे पाहिलं, पांढऱ्या मातीचं टोपलं त्या चौकोनावर ओतलं, आणि तो खाली वाकून ओरडला,

"साहेब, लय गळते तुमचं. पुढच्या सालीबी या लागते आमाले."