लुंडुपमामाचा घोडा

"दिवस मावळायच्या आत गोंपात पोचवतो," मी पाहुण्यांना छातीठोकपणे सांगितलं. मार्खाच्या खोऱ्यात वाटाड्या म्हणून माझे केस पिकले, मठापर्यंतची वाट मला तोंडपाठ. चूक एवढीच झाली, की सामान लुंडुपमामाच्या घोड्यावर लादलं.

मामा जन्मभर याच खोऱ्यात घोडा हाकत हिंडला आणि हिवाळ्यात लेहला वारला. खिंड बर्फाने बंद, त्यामुळे इकडे कुणालाच कळलं नव्हतं; मलाही लेहला घोडा घेताना कळलं.

पहिल्याच गावात घोडा एका दारासमोर थांबला. ओढला, ढकलला, शिव्या घातल्या. ढिम्म. तेवढ्यात यांगडोलवहिनी छांगचा, सातूच्या दारूचा वाडगा घेऊन बाहेर आली.

"म्हातारा कुठाय? मागच्या वर्षीचं भांडण बाकी आहे म्हणावं."

सांगावं लागलं. ती उंबऱ्यावरच बसली आणि पोर हरवल्यासारखी रडली. मग आम्हाला आत घेतलं, दिवा लावला, लोणी घातलेला चहा पाजला.

पाहुण्यांची म्होरकी मराइके, हॉलंडची शाळामास्तरीण. तिने हळूच विचारलं, "मोरुप, हे कार्यक्रमात आहे का?"

"आहे," मी म्हणालो. रडत्या बाईसमोर दुसरं काय बोलणार?

पुढच्या गावात तेच, त्याच्या पुढच्यातही. घोडा एक दार चुकवेना. घोडा थांबला की मराइके आधीच टोपी काढायची आणि डोळे पुसायची.

पाणचक्कीवाल्या नोनोने ते पाहिलं आणि मला बाजूला ओढलं.

"ही मामाची कोण?"

"कोणी नाही रे."

"कोणी नाही, आणि एवढी रडते? म्हाताऱ्याने कधी पत्ता लागू दिला नाही." त्याने सातूच्या पिठाची पिशवी तिच्या हातात दिली आणि तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. मी पिशवी घोड्यावर लादली. मामाची अब्रू वाढतच होती.

शेवटी गोंपा समोर दिसू लागला, तेव्हा घोड्याने वाट सोडली आणि एका एकट्या घराकडे चढला. दारात एक वाकलेली आजी, सगळ्यांची आबी. तिने घोड्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"लुंडुप कुठे राहिला?"

"आबी, मामा राहिला नाही."

तिने कानाला हात लावला. "मागे राहिला? पाय दुखतात त्याचे."

"मामा गेला, आबी," मी ओरडलो.

"पुढे गेला?" तिचा चेहरा एकदम उतरला. "मला न भेटता?"

तो चेहरा मला बघवेना.

"नाही गं आबी. मागेच आहे. येतोय."

ती हसली. छांगचा वाडगा चुलीजवळ ठेवला आणि वर ताट झाकलं.

त्या दिवशी गोंपा राहिलाच. तंबू तिच्या अंगणात ठोकले. सकाळी निघताना तिने सगळ्यांसमोर माझा कान पिळला.

"म्हाताऱ्या माणसाला एकट्याला मागे टाकून आलास. कसला रे वाटाड्या तू?"