आम्ही पांढरं सोडलं

त्या रविवारी दुपारी मी नेहमीसारखा झोपलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ढेकणांसाठी खाट उन्हात काढली होती आणि जमिनीवर पडलं की मला आंबट ढेकर येत. (ते खाटेवरही येत, पण खाटेच्या करकरीत ऐकू येत नसत.) म्हणून उठलो, टोपी घातली आणि वाचनालयात आरोग्यावर व्याख्यान होतं तिकडे गेलो.

ही गोष्ट भोरची. संस्थान विलीन होऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी मामलेदार कचेरीत कारकून होतो. पासली गावच्या रतनशी नुकतंच लग्न झालं होतं आणि सावळाराम तात्यांच्या घरात वरच्या माडीवर आमचा संसार होता. माडी लाकडी, वर शेणानं सारवलेली. रतन चालली की तिच्या जोडव्यांचा आवाज खाली तात्यांना ऐकू जाई आणि तात्या तंबाखू मळू लागले की ती थाप आम्हाला वर ऐकू येई. अजूनही कुठं तंबाखूची थाप ऐकली की मला ती माडी आठवते.

तर व्याख्यान. व्याख्याते अंगानं काडी, पण आवाज असा की पहिल्या ओळीतल्या वकिलांचा चष्मा हलत होता. "गिरणीचा पांढरा तांदूळ, पांढरी साखर, पांढरा मैदा! हे मेलेलं अन्न आहे! धान्याचं सत्त्व कोंड्याबरोबर जातं गुराच्या पोटात आणि माणूस चोथा खातो. म्हणून बैल नांगर ओढतो आणि माणूस..." इथं त्यांनी बोट केलं ते नेमकं माझ्याकडे. त्याच क्षणी मला ढेकर आला. सभागृहानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मनाशी निश्चय करून टाकला.

घरी आलो. रतन सुपात तांदूळ निवडत होती.

"रतन, आजपासून आपल्या घरात पांढरं काही शिजायचं नाही."

"म्हंजी?"

"गिरणीचा तांदूळ बंद. साखर बंद. साखरेचा चहा बंद. हातसडीचा तांदूळ, नाचणी, गूळ, मोडाचे मूग. अन्न कसं, शेतातून येतं तसं पोटात गेलं पाहिजे."

"आन् दूध?"

दुधाबद्दल व्याख्यात्यांनी काही सांगितलं नव्हतं. "दूध चालेल."

"मीठ?"

"चालेल."

"मुळा? लसूण? तुमचं धोतर?"

"थट्टा नको. आरोग्याचा प्रश्न आहे."

रतननं सूप खाली ठेवलं. "हातसडीचा म्हणताय, तर कुणाच्या हाताचा?" तिनं अगदी शांत आवाजात विचारलं. असा आवाज साहेब काढतात तेव्हा कचेरीत आम्ही फायली उचलून पळतो. माडीवर पळायला जागा नव्हती.

"म्हणजे... बायका सडतातच की. माझी आई सडायची."

"ऐका. पासलीत म्या मुसळ पेलतंय तवापासनं कांडलंय. पहाटं उठून, थंडीवाऱ्याचं. हाताला ह्ये घट्टं. लगीन ठरलं तवा आई म्हणली, भोरात भाताची गिरण हाय. तेवढ्यावर म्या व्हय म्हणलं. तुमाला तर बघितलंबी न्हवतं."

ही मला बातमीच होती. ती माझ्या नोकरीवर, निदान मिशीवर तरी भाळली असावी असा माझा समज होता.

"तवा कांडायचं असंल तर तुमी कांडा," ती म्हणाली. "मुसळ माझ्या आईकडं हाय."

शहाण्या माणसानं इथं गप्प बसून भात खाल्ला असता. मी दुसऱ्या दिवशी कचेरीभर जाहीर करून बसलो. साहेब चहा घेत होते. म्हणाले, "मानसिंग, सोडवेल का तुम्हाला?" मी म्हणालो, "सोडलं, साहेब!" मग मागे फिरायची सोय राहिली नाही. रतन रोज पानात भिजवलेले मूग आणि दुधी भोपळ्याच्या कच्च्या चकत्या वाढू लागली, आणि स्वतः समोर बसून वाफाळता भात खाऊ लागली. मी मूग चावत राही.

शेवटी सुट्टी पाहून मी भात आणि मुसळ आणायला सासुरवाडीला निघालो. भोरहून कापूरहोळ, तिथं एस.टी. बदलून मार्गासनी, पुढं ओळखीची बैलगाडी आणि मग डोंगराकडं पायी. पासलीची खाचरं कापणी होऊन मोकळी पडली होती, धसकटांत शेरडं चरत होती आणि कुठल्यातरी घरातून मुसळाचा धप्प, धप्प आवाज येत होता. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेसाठी मी भोरला राहायला आलो त्याच्या आधी रोज सकाळी याच आवाजानं मला जाग येई. आई कांडता कांडता मध्येच थांबे, मूठभर लालसर तांदूळ फुंकून माझ्या हातावर ठेवी. वाटेत मी उगाचच थांबलो. व्याख्यानात सत्त्व सत्त्व म्हणत होते ते हेच असावं, असं वाटलं.

सासूबाई धोंडाबाईंनी पायांवर पाणी घातलं. मेहुणा रायबा, जावई आला म्हणून मार्गासनीला गेला आणि गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आणि साखर घेऊन आला. त्या काळी पासलीत जावयापुढं लाल भात वाढणं म्हणजे त्याला ओसरीवरून हाकलण्यासारखंच. आधी चहा आला. वर तरंगेल इतकी साखर.

"मामी, मला हे नको."

सासूबाईंचा चेहरा पडला. "मंग शिरा करू?"

"शिराही नको. तुम्ही रोज खाता तेच द्या. नाचणीची भाकरी, लाल भात, हुलग्याचं पिठलं."

"अवो, त्ये आमचं गरिबाचं खाणं."

"मलाही आता तेच खायचंय. आधीचं सगळं सोडलं."

सासूबाईंनी रायबाकडं पाहिलं. रायबानं खाली पाहिलं. "सोडलं म्हंजी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"सोडलं. कायमचं."

"रतनला ठावं हाय?"

"आहे तर. पहिल्यांदा चिडली. होईल सवय."

"आन् सायेब? सायेब काय म्हणलं?"

साहेबांचं मधेच काय निघालं ते मला कळेना, पण त्यांनी विचारलं होतं खरं. "साहेब म्हणाले, सोडवेल का? मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, सोडलं!"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चुलीचा धूर असेल, असं मी समजलो.

मग पान आलं. लाल भात, त्यावर पिठलं, कडेला भाकरी, कांदा, ताकाचा गडू. पहिला घास घेतला आणि माझी आई, तिचं उखळ, सुपातून उडणारा कोंडा सगळं एकदम समोर आलं. मी मान वर न करता जेवत सुटलो. कच्च्या मुगावर काढलेल्या दिवसांची सगळी भरपाई त्या एका बैठकीत केली. सासूबाई न विचारता वाढत राहिल्या. आत जाऊन त्या रायबाला म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं, पण मी त्याचा अर्थ कौतुकाचा घेतला. त्या म्हणाल्या, "कवापासनं जेवल्यालं न्हाईत रं!"

निघताना मी भाताचं पोतं आणि मुसळ मागितलं. "रतन कांडंल?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, मी कांडणार. आता दुसरं काम काय आहे?" (मला सुट्टीच्या दिवशी, असं म्हणायचं होतं.)

रायबानं पोतं एस.टी.पर्यंत डोक्यावरून आणून दिलं. मुसळ एस.टी.त मावेना. एक टोक ड्रायव्हरच्या मानेशी, दुसरं मागच्या बाईच्या टोपलीत.

"हे काय?" कंडक्टर म्हणाला.

"मुसळ."

"कशासाठी?"

"प्रकृतीसाठी."

कंडक्टर पुढचं काही न विचारता लांब जाऊन उभा राहिला. कापूरहोळपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

आता कांडायचं कुठं? अंगणात कांडावं तर आळी बघणार. कचेरीतला माणूस मुसळ घेऊन उभा, हे बरं दिसत नाही. तात्यांची बायको बाळाबाई एका पालथ्या लाकडी उखळावर बसून शेंगा सोलत असे. ते त्यांच्याकडून मागून त्याच रात्री माडीवर चढवलं, दार लावलं, धोतर खोचलं आणि मुसळ उचललं.

"अवो, हितं वर नगा," रतन म्हणाली.

"तू बघत राहा."

पहिला घाव उखळाच्या काठावर. दुसरा माझ्या पायाच्या अंगठ्यावर. तिसऱ्याला हात बसला आणि मग मला चेव आला. धप्प! धप्प! भात चौफेर उडत होता. इतक्यात खालून "मेलो, मेलो!" अशी हाक आली. तात्या जेवायला बसले होते आणि माडीच्या तक्तपोशीच्या फळ्यांतली माती, वाळवीसकट, थेट त्यांच्या आमटीत उतरली होती. ते जिना चढून आले. केस, मिशा, भुवया सगळं मातकट.

"मानसिंग! घर पाडताय का?"

"तात्या, सत्त्व..."

"सत्त्व पडलं खाली! आमटीत! उतरवा हे!"

रतन पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीकडं वळली होती. तिचे खांदे हलत होते. लग्नानंतर ती इतकी हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खरं सांगतो, अंगठा ठणकत असूनही मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत कचेरीत पोचलो तर दारात गर्दी. आत साहेबांच्या टेबलासमोर एक म्हातारी बाई जमिनीवर डोकं टेकून बसलेली. बाजूला रायबा. त्याच्या एका हातात तुपाचं मडकं, दुसऱ्या हातात दावं आणि दाव्याच्या टोकाला एक शेळी. शेळी साहेबांच्या टपालाचा वास घेत होती.

"सायेब," सासूबाई सांगत होत्या, "चुकलं आसंल त्याचं. त्वांडानं फटकळ हाय. पर पोटावर मारू नगा. माझी लेक हाय वो त्याच्या पदरात. काल माज्या दारात आला तर खायाला न्हाई म्हणून नाचणी मागितली त्यानं! मुसळ न्हेलं, आता दुसऱ्याचं भात कांडून पोट भरणार म्हणं!"

"अहो बाई, कुणाला काढलं मी?" साहेब गोंधळून म्हणाले. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. "मानसिंग! तुम्ही नोकरी सोडलीत?"

"नाही, साहेब. साखर सोडली."

मग साहेब असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शिपाई हसला, वकील हसले, स्टँपवाला हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी जमिनीवरून उठून, लुगडं झाडून, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"साखर व्हय?" त्या म्हणाल्या. "साखरेपायी म्या सायबाचं पाय धरलं?"

त्यांना घेऊन घरी आलो. मायलेकी गळ्यात पडल्या, रडल्या, मग एकीनं मुसळाची आणि दुसरीनं कचेरीची हकिकत सांगितली आणि दोघी हसून हसून लोळल्या. खालून बाळाबाई आल्या, त्याही हसल्या. पण चहा झाल्यावर सासूबाईंनी रतनचा हात हातात घेऊन तळवा उलटसुलट बघितला, अंगठ्यानं चाचपला. घट्टे गेले होते. हात मऊ झाला होता. मग तो हात त्यांनी आपल्या गालाला लावला. मी दाराशी उभा होतो. त्या व्याख्यानातलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही.

त्यानंतर आमच्या घरी पुन्हा गिरणीचा तांदूळ शिजू लागला. सुट्टीच्या दिवशी मात्र मी अंगणात, आळीच्या देखत, मूठ-दोन मुठी भात कांडी. अर्ध्याची कणी होई. रतन त्या कण्यांची ताक घालून पेज करी, आणि तात्या वाटी घेऊन जिन्याखाली येऊन बसत. आता ते दिवस गेले. पण ती पेज, तो धूर, आणि पायरीवर बसून "औंदा कणी बारीक पडली गं बाई" म्हणून मला चिडवणारी रतन, हे काही केल्या जात नाही.

कचेरीतल्या त्या प्रकारानंतर सासूबाई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. मी त्यांना एस.टी.वर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. न राहवून मी विचारलं, "मामी, खरंच माझी नोकरी गेली असती, तर काय केलं असतं?"

"काय करणार? दोघांना पासलीला आणलं आसतं. आमी त्यावर लई इचार केला. रायबा म्हणला, दाजींस्नी नांगर जमायचा न्हाई. मी म्हणलं, शेरडं राखंल. तर रायबा म्हणला, शेरडं ह्यांचं ऐकायची न्हाईत. लावणीचं म्हणावं तर कंबर वाकायची न्हाई."

"मग?" मी घाईनं विचारलं.

"मंग ठरलं. खाचरावर पाखरं लई येत्यात, तितं तुमाला ठिवायचं."

मला जरा धीर आला. "म्हणजे गोफण घेऊन राखण करायची."

"न्हाई वो, गोफण कशापायी? कुणाला लागंल." सासूबाई मायेनं म्हणाल्या. "तुमी नुसतं मदी हुबं ऱ्हायाचं, हात पसरून."