तुमचीच आहे, घेऊन जा

धियाबच्या मुलीचं, शुरूकचं लग्न ठरत होतं ते दोन हजार अकरा साल. त्याच वर्षी सॉल्ट गावाजवळचा बॅटरीचा कारखाना बंद पडला आणि धियाब घरी बसला. लग्नाची बोलणी पक्की करायला मुलाकडची वडीलधारी मंडळी येणार होती. ‘मुलीचे वडील काय करतात?’ असं त्यांनी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं, म्हणून त्याची बायको जवाहिर रोज सकाळी नवऱ्याला दाढी करायला लावून बाहेर पिटाळत असे.

अशात गावातल्या जुन्या व्यापाऱ्याच्या घराचं संग्रहालय झालं आणि तिथं वाटाड्या हवा असल्याचं कळलं. कारखान्यात येणाऱ्या परदेशी मिस्त्रींकडून धियाबने इंग्रजी उचललं होतं. संग्रहालयाचे प्रमुख उस्ताझ, म्हणजे गुरुजी, मुनीफ त्याला आमच्या रीतीप्रमाणे ‘रकानचे वडील’ अशी मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाले, “अबू रकान, बोलून दाखवू नका, करून दाखवा. या डेन्मार्कच्या बिर्गिटबाई. यांना घर फिरवून आणा.”

धियाबने असं फिरवलं की जणू घर त्याच्याच आजोबांचं. बैठकीच्या खोलीत कट्ट्यावर लांब चोचीची पितळी कॉफीदाणी होती. बाई तिच्यापुढे थबकल्या.

“किती सुंदर आहे!”

“तुमचीच आहे, घेऊन जा,” धियाब म्हणाला.

पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की आमच्याकडे दुसरं काय म्हणतात? आपण द्यायची, पाहुण्याने नको म्हणायचं, आपण पुन्हा आग्रह करायचा.

“खरंच?” बाईंनी विचारलं.

“देवाशपथ, तुमचीच!”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कॉफीदाणी ओढणीत गुंडाळली, पिशवीत ठेवली, धियाबचा हात दोन्ही हातांनी दाबला आणि निघून गेल्या. नको म्हणायचं त्या विसरल्या असाव्यात, आठवलं की परततील, अशा आशेने धियाब दारात उभा राहिला.

परतल्या नाहीत. उस्ताझ मुनीफ मात्र आले.

“कॉफीदाणी कुठंय?”

“पाहुण्यांना दिली.”

“दिली? तुमच्या वडिलांची होती का?”

“त्या सुंदर म्हणाल्या, उस्ताझ! तुम्ही काय म्हणाला असतात?”

उस्ताझांनी रिकाम्या कट्ट्याकडे पाहिलं. “बरं, जा आणि परत मागून आणा.”

“दिलेली वस्तू परत मागू? तुम्ही मागा ना.”

“मी? आणि उद्या गावातून कुठल्या तोंडाने हिंडू?”

शेवटी जवाहिरने तोडगा काढला. “दोघं तिच्याकडे जा. ती कॉफी देईल. पेला खाली ठेवा, पिऊ नका. काय हवं म्हणून ती विचारेलच, मग सांगा. ते काही मागणं होत नाही.” आमच्याकडे काही मागायला आलेला पाहुणा, मग मुलीला मागणी का घालायची असेना, होकार मिळेपर्यंत कॉफी पीत नाही.

उम्म जिर्यिसच्या घरी बाईंनी माडीवरची खोली घेतली होती. कॉफी आली. दोघांनी पेले खाली ठेवले आणि माना खाली घातल्या.

“गार झाली का?” बाईंनी गरम करून आणली. मग साखर आणली. मग पुदिन्याचा चहा, मग संत्र्याचा रस. ‘काय हवं?’ एवढं सोडून बाईंनी सगळं विचारलं.

“आता जेवणाचं ताटच आणेल ही,” उस्ताझ पुटपुटले.

तेवढ्यात घरमालकीण उम्म जिर्यिस खजुराचे लाडू घेऊन आत आली. तिने न प्यायलेले पेले पाहिले, नवा कोट घातलेले विधुर उस्ताझ पाहिले आणि ताटली टेबलावर आपटून ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडली, “बिर्गिट! अगं, हे तुला मागणी घालायला आलेत!”

बाई लाल झाल्या. उस्ताझ पांढरे पडले.

“कोणासाठी?” बाईंनी हळूच विचारलं. आणि आश्चर्य म्हणजे त्या काही चिडलेल्या दिसत नव्हत्या.

“कॉफीदाणीसाठी!” धियाब ओरडला.

मग सगळं सांगावं लागलं. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्यांनी कॉफीदाणी आणली आणि म्हणाल्या, “दिलेली वस्तू तुमच्यात परत घेत नाहीत ना? मग ही माझ्याकडून अबू रकानना भेट.”

आली पंचाईत! आता कॉफीदाणी धियाबची झाली आणि संग्रहालय कोरडंच राहिलं. जिन्यात उस्ताझ थांबले, खाकरले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “सुंदर आहे हो, अबू रकान, तुमची कॉफीदाणी.”

“तुमचीच आहे, घेऊन—”

वाक्य पुरं होण्याआधीच उस्ताझांनी ती काखेत मारली. नको म्हणणं तर दूरच.

रस्त्यावर आल्यावर धियाब म्हणाला, “मग मी आता दुसरीकडे काम बघतो.”

“का? सकाळपासून या कामासाठी चार जण आले. एकालाही पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आणता आलं नाही. उद्यापासून या. पण पुन्हा कोणी काही सुंदर म्हणालं तर?”

“सरकारची आहे म्हणेन.”

“वेडे आहात का? मग तर लगेच उचलतील!”

मुलाकडची मंडळी आली तेव्हा मुलीच्या बाजूने उस्ताझ मुनीफच बोलायला बसले. “शुरूकचे वडील माझ्याबरोबर काम करतात,” असं ते म्हणाले. माझ्या हाताखाली, असं नाही म्हणाले. जवाहिर त्या शब्दासाठी आजही त्यांना दुवा देते. धियाबने ते घर पुढे हजारोंना दाखवलं आणि त्या पगारावर रकानही शिकला.

उस्ताझ मुनीफ दोन हजार एकोणीस साली रमजानच्या पहिल्या आठवड्यात वारले. कॉफीदाणी मात्र अजून त्याच कट्ट्यावर आहे.