डावीकडे ओढणारी गाडी

“पुन्हा डावीकडे! डावीकडेच मरायचंय हिला!”

स्पोर्ट्स कार इतकी अरुंद, की ह्यांचं पुटपुटणं थेट माझ्या कानात सांडलं. म्हणत होते गाडीला, पण डावीकडे मी बसले होते!

“अहो, चाकांची अलाइनमेंट करून घेऊ. तासाभराचं काम!” मी ठणकावलं. यंत्रातलं मला कळतं. घरातला मिक्सर मीच उघडते. बंद करताना एखादा स्क्रू उरतो, एवढंच!

दोन सीटांची ही लाल गाडी म्हणजे ह्यांचं कॉलेजपासूनचं स्वप्न. घेतली जुनीच, पण आमची मुलंसुद्धा कधी एवढ्या मायेनं पुसली गेली नाहीत. पसंत नसेल तर परत द्यायची मुदत नेमकी आज संपत होती.

गॅरेजमधला मिस्त्री म्हणाला, “माणसं बसल्यावर ही जेवढी दबते, तेवढी दाबूनच चाकं सरळ लावायची. सीटवर दहा-दहा किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवतो. साहेब, तुमचं वजन?”

“ऐंशी.”

“वहिनी, तुमचं?”

आसपासची ठोकाठोक एकदम थांबली!

“साठ,” मी म्हटलं.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सहा पिशव्या ठेवल्या.

चाकं लागली. आम्ही चक्कर मारली. डावीकडे! पुन्हा लावली. पुन्हा डावीकडेच!

“रस्ताच उतरता असेल,” हे म्हणाले.

“हवा कमी असेल,” मिस्त्री म्हणाला. मग घसा खाकरून, “वहिनींची पर्स जड असेल...”

पर्स उतरवली. छत्री उतरवली. शेवटी माझ्या चपलासुद्धा उतरवल्या! गाडीला कशाचंच काही नाही.

मिस्त्रीनं हात पुसले. “साहेब, मग सांगाडाच वाकलाय म्हणायचा. परत देऊन टाका.”

ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आजारी गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. “देऊ,” म्हणाले. “चार दिवस हौस तर झाली.”

ह्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी मागितलं ते एवढंच!

“सत्तर!” मी ओरडले. “सत्तर किलो आहे मी! झालं समाधान?”

मिस्त्रीचा चेहरा असा उजळला, जणू त्याचीच सुटका झाली. “मग डावीकडे आणखी एक पिशवी!” म्हणत तो वाकलासुद्धा.

हे जमिनीकडे बघत होते. अगदी हळू म्हणाले, “दोन टाका.”