सांभाराच्या काडीची खूण

सुपडाजींनी परत केलेले पुस्तक ओळखायला नोंदवही उघडावी लागत नसे. त्याला सांभाराचा वास येई. मी लहानपणापासून जिला कोथिंबीर म्हणत आले, तिला मोताळ्यात सांभार म्हणतात, हे बदली होऊन आल्यावर पहिल्याच बाजारात मला कळले होते. परंतु तो सांभार कादंबरीच्या पानांतही सापडतो, हे भाजीवाले सुपडाजी भेटल्यावर कळले. एकेका पुस्तकात चार-पाच काड्या असत. काही ओलसर, काही वाळून कागदावर आपली तपकिरी नक्षी उमटवून गेलेल्या.

वाचन जिथे थांबले तिथली ही खूण असावी, असे मला आधी वाटले. पण चाळीस पानांत पाच वेळा कोण थांबेल? कुतूहलाने मी ती पाने वाचू लागले. एका पानावर उन्हातून आलेला वाटसरू पाणी मागत होता. दुसऱ्यावर आजारी मुलाच्या ओठांना कुणी चमचा लावत होते. तिसऱ्यावर जेवायला बसलेल्या पाहुण्यापुढे घरधनीण पेला ठेवत होती. जिथे जिथे कुणी कुणाला पाणी दिले, तिथे तिथे काडी. विचारले, तर सुपडाजी म्हणाले, “असंच बाई. मले बरं वाटते.” मळ्यात मोट हाकून जन्म गेलेल्या माणसाला पाण्याचे वेड असणारच, अशी मी माझी समजूत घातली.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते आणि त्या उत्साहात ग्रामपंचायतीने एका खोलीत वाचनालय काढले होते. खोली होती, कपाट होते, फक्त पुस्तके नव्हती. मुलींच्या शाळेतली शिक्षिका म्हणून किल्ली माझ्याकडे आली. पुढे निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका वृद्ध पाद्रीबाबांनी ख्रिस्ती कादंबऱ्यांची एक पेटी पाठवली, आणि एका दिवंगत वकिलांच्या घरच्यांनी त्यांची पुस्तके दिली. वकीलसाहेबांना आयुष्यभर स्वतःला सुधारण्याची हौस असावी. कारण यश कसे मिळवावे, माणसे कशी जिंकावी, चिंता कशी सोडावी, याखेरीज त्या गठ्ठ्यात काहीच नव्हते. असे आमचे वाचनालय दोन पायांवर उभे राहिले.

बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की मी कपाट उघडी. सुपडाजींची भाजी तोवर संपत आलेली असे. चार इयत्ता शिकलेला, साठीकडे झुकलेला, उंच आणि पाठीत किंचित वाकलेला माणूस. मेथीच्या जुड्या बांधून बांधून बोटांची टोके हिरवी-काळी झालेली. दारातल्या रांजणाचे पाणी घेऊन ते कोपरापर्यंत हात धूत आणि मगच पुस्तकाला शिवत. त्यामुळे आमच्या पुस्तकांची पाने कडांशी जराशी फुगलेलीच असत.

पुस्तक परत करताना अभिप्राय सांगणे त्यांना बंधनकारक वाटे, जणू भाजीबरोबर कढीपत्ता द्यावा तसे. एका कादंबरीतला सज्जन माळी ऐन वैशाखात कोबीचे गड्डे काढत होता. त्या पानाशी सुपडाजींचा लेखकावरचा विश्वास उडाला. “ज्याले कोबी कवा निंगते थे ठाव नाई,” ते म्हणाले, “त्यानं सांगावं का मानसाचं मन पालटलं, आन मी थे मानावं?”

पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती.

“बाई, ह्याच्यातबी बाप सातव्या प्रकरनात गेला.”

“कशाने?”

“तापानं. मागच्यात घोड्यावरून पडला. त्याच्या मागच्यात तं काईच नोतं झालं, निसता पस्तावला आन गेला. पोरगी किरिस्ताव झाली का ह्यायनं बाप मारलाच. काऊन बाई? थोडं जगू द्या ना मानसाले.”

मी हसले. बापाला सातव्या प्रकरणापुढे जगवणारी कादंबरी शोधण्याचे वचन दिले आणि तोवर वकीलसाहेबांच्या गठ्ठ्यातले एक पुस्तक हाती ठेवले.

ते माझ्या अंगाशी येईल असे वाटले नव्हते. सुपडाजी कादंबरीवर संशय घेत, पण उपदेशाचे पुस्तक ते बियाण्यासारखे वापरत. आधी थोडे पेरून पाहत. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी, ते नाव त्याला जगातल्या सर्व शब्दांहून गोड वाटते, असे त्यात लिहिले होते. पुढच्या बाजारात सुपडाजींनी गिऱ्हाइकांना नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा संपूर्ण हाका मारायला सुरुवात केली. भरबाजारात अशी हाक आमच्याकडे कोर्टाचा शिपाईच मारतो. दोन माणसे पिशव्या टाकून गल्लीत शिरली. वांगी तशीच राहिली.

दुसऱ्या पुस्तकाने सांगितले की रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी समर्थ आहे’ असे मोठ्याने म्हणावे. मळ्यातल्या झोपडीत आरसा नव्हता. सुपडाजींनी विहिरीत डोकावून म्हटले. आठवड्याने मला निकाल कळवला, “विहीर कबूल हाय म्हनते. मीच अजून नाई.”

तिसरे पुस्तक मात्र चार बाजार उलटले तरी परत आले नाही. पाचव्या बाजारी सुपडाजी ते घेऊन आले आणि नेहमीसारखे दारात न थांबता बाकावर बसले. पुस्तकात एकच काडी होती. पान उघडले, तर तिथे पाण्याचा उल्लेखही नव्हता. आपली चूक झाली असेल तर ती लगेच आणि मोकळ्या मनाने कबूल करावी, एवढाच मजकूर.

“हे बराबर हाय,” सुपडाजी म्हणाले. “पन कशी करावी, थे लिवलं नाई. उभं राहून का बसून? दारात का घरात? आन समोरच्यानं दार लावलं तं मंग काय करावं?” कपाटाकडे पाहत त्यांनी विचारले, “बाई, पेटीत असं एकबी पुस्तक नाई का, ज्यात बाप पोरीच्या घरी जाते?”

पेटी मी संपूर्ण वाचली होती. नव्हते.

मग त्यांनी जे सांगितले, ते मोटेच्या दोराला गाठी असाव्यात तसे अडत अडत वर आले. त्यांची एकुलती एक मुलगी गिरजा शेजारच्या तालुक्यात एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होण्यासाठी शिकायला गेली. तिथल्याच कंपाउंडरशी तिने लग्न केले आणि त्याच्या धर्मात गेली. लग्नानंतर आठ दिवसांनी दोघे जण भर उन्हात मळ्यात आले. गिरजाने पाणी मागितले. लहानपणापासून ती ज्या तांब्याने पाणी पीत आली, तो तांब्या सुपडाजींनी तिच्या हाती दिला नाही. तिला ओंजळ करायला लावली आणि अंग न लागेल अशा बेताने वरून धार सोडली. ती प्याली. पदराने तोंड पुसले आणि गेली. त्याला सहा वर्षे झाली होती.

“पानी सांडलं नाई बाई एक थेंब,” ते म्हणाले. “लहानपनी सांडायची.”

आता मला सांभाराच्या काड्या कळल्या. एवढे दिवस मी त्यांना चोखंदळ वाचक समजत होते. ते मात्र मुलगी ज्या गावाला गेली त्या गावची वाट पुस्तकांना विचारत होते. त्या घरांत काय शिजते, कोण कुणाला आत घेते, आलेल्या माणसाला पाणी कसे देतात, हातात की ओंजळीत. आणि प्रत्येक पुस्तक त्यांना सातव्या प्रकरणात मारून मोकळे होत होते.

मी म्हटले, तुम्ही जा. ते म्हणाले, पाहतो. तरी जाताना त्यांनी पेटीतली त्यांनी न वाचलेली शेवटची कादंबरी नेली. तिच्यात नाताळाचे एक लांबलचक वर्णन होते.

नाताळाच्या सुमाराच्या बाजाराला सुपडाजींची जागा रिकामी दिसली. तिथे नुसता ओल्या मातीचा डाग होता. शेजारच्या लसूणवालीने सांगितले की म्हातारा नवे धोतर नेसून, वांग्यांची टोपली घेऊन एस.टी.त चढला, गिऱ्हाइकालाही हात लावू देईना अशी कवळी वांगी होती. तो आठवडा मला फार मोठा गेला.

पुढच्या बाजारी ते आले. रांजणावर हात धुतले, कादंबरी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ अंगठ्याने तिची कड सारखी करत राहिले.

“पुस्तकवाल्यायचं चुकलं हाय,” शेवटी म्हणाले. “ह्याच्यात बाप मरतानी पोरगी दोन पानं रडते, तीन पानं बोलते. आमची काईच नाई बोलली. मले दारात पाह्यलं आन आतच गेली. मी म्हनलं, झालं, सातवं प्रकरन.”

“मग?” मी विचारले.

“तांब्या घेऊन आली. म्या आपली ओंजळ पुढं केल्ती, बाई. जसं तिले करायले लावलं, तसंच. वाकूनबी उभा राह्यलो.” त्यांनी माझ्यासमोर दोन्ही हात जोडून ती ओंजळ करून दाखवली. “तिनं माहे हात धरून खाली केले. आन तांब्याच हातात देला.”

बाहेर भाव ओरडणारे आवाज हळूहळू विरत चालले होते. कुणीतरी उरलेल्या पालेभाजीवर पाणी शिंपडत होते. त्याचा गार, मातकट वास खोलीत आला.

“प्यालात?” मी विचारले.

“सारा. सदऱ्यावर सांडला अर्धा.”

कादंबरी मी उघडून पाहिली. या वेळी आत एकही काडी नव्हती. सुपडाजींनी ती माझ्या हातून घेतली, ‘समाप्त’ या शब्दापुढचे शेवटचे कोरे पान उघडले, कानावर खोचलेली सांभाराची काडी तिथे ठेवली आणि पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवले.